४५ दिवस कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान कारखानदार डिजिटल व्हायला तयार नसतात, अशा अर्थाचं काहीतरी महिन्या-दोन महिन्यांनी छापून येतं. सेमिनारलाही तेच ऐकायला मिळतं, आणि वर चहा-बिस्किटं. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमच्या मशीनशॉपचं ऑफिस सांभाळते. यजमान आणि सहा कामगार आत शेडमध्ये. बिलं, चालानं, बँक आणि सीएच्या खेपा माझ्याकडे. फौंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचे, मशीनिंग करून वॉल्व्ह बॉडी कंपनीला द्यायच्या, हा आमचा धंदा. आमची अडचण डिजिटल व्हायची नाही; दिलेल्या मालाचे पैसे कायद्यातल्या ४५ दिवसांत येत नाहीत, ही आहे.

आमच्याकडे काय नाही ते सांगा. कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, घेतली. ती चालवणारा पोरगा आयटीआयचा, पण निम्मा प्रोग्रॅम मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. टेम्पोचं भाडं यूपीआयनं जातं. मी स्वतः वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी टॅली शिकले, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला त्या धांदलीत. ई-वे बिल, लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी, कंपनीचं पुरवठादारांसाठीचं व्हेंडर पोर्टल, पेटीवरचं बारकोडचं लेबल, सगळं केलं. माझी उलाढाल दोन कोटींच्या आत आहे. ५ कोटींपर्यंत तीन महिन्यांतून एकदा जीएसटी रिटर्न भरायची सवलत असते, पण कंपनीला दर महिन्याला क्रेडिट (माझ्या बिलावरचा जीएसटी, जो ती स्वतःच्या टॅक्समधून वजा करते) दिसायला हवं, म्हणून मी ते दर महिन्याला भरते. सवलत कागदावर राहिली.

आता एका लॉटची हकिकत सांगते. २४० बॉडी, १,१५० रुपये नग. दोन लाख शहात्तर हजार, वर १८ टक्के जीएसटी ४९,६८०. माल २ जूनला निघाला, ३ जूनला सकाळी पुण्याजवळच्या कंपनीच्या गेटवर उतरला. चालानावर गेटचा शिक्का ३ जूनचाच आहे. त्यांच्या पोर्टलवर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मात्र पडला १९ जूनला. मधले सोळा दिवस माल कुठे होता? तिथेच, त्यांच्या स्टोअरमध्ये. खोट काढली असती तर समजलं असतं. एकही नग परत आला नाही. स्टोअरवाल्याला फोन केला की म्हणतो, "मॅडम, सिस्टीममध्ये घ्यायचं राहिलंय." पीओवर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर, छापलेलं आहे, पैसे जीआरएनपासून ६० दिवसांनी. ते साठ दिवस पुरे होतात १८ ऑगस्टला. पण कंपनी पैसे सोडते महिन्याच्या ५ आणि २० तारखेलाच. म्हणजे २० ऑगस्ट. माल दिल्यापासून ७८ दिवस.

याच काळात माझं काय चाललं होतं? ११ जुलैला बिल जीएसटी पोर्टलवर चढवलं. २० जुलैला टॅक्स भरला. कास्टिंगवरचं क्रेडिट वजा करूनही बँकेच्या कॅश क्रेडिट (उचल) खात्यातून पैसे काढावे लागले. मी एक दिवस जरी चुकले तरी रोजचे ५० रुपये लेट फी आणि वर व्याज. कंपनीनं मात्र माझ्या बिलावरचं ४९,६८० चं क्रेडिट त्याच २० जुलैला घेतलं, मला एक रुपयाही द्यायच्या आधी. मागे एकदा माझ्याकडून बिल नंबरातला एक आकडा चुकला होता, तर १५ तारखेला सकाळी दहाच्या आत त्यांची मेल आली. इतकं बारीक बघणारं सॉफ्टवेअर सोळा दिवस पडून असलेला माल बघत नाही. मला तर ते बघायचंच नसावं असं वाटतं.

कायदा नाही असं नाही. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. आणि खरेदीदारानं १५ दिवसांत लेखी तक्रार केली नसेल तर दिवस मोजायचे ते माल प्रत्यक्ष पोचल्यापासून. त्यात जीआरएनचा संबंध नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे व्याज मागितलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. २०१७ पासून सरकारचं समाधान पोर्टल आहे, तिथे तक्रार करता येते. माझ्या माहितीतल्या एकानं केली. पैसे मिळाले, पुढची ऑर्डर मिळाली नाही.

२०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, की कंपनीनं मुदतीत पैसे दिले नाहीत तर दिल्याशिवाय तो खर्च उत्पन्नातून वजा धरायचा नाही. पण ती जागी होते मार्चअखेरीस. जूनचं बिल ऑगस्टात दिलं तर तिला काही बोचत नाही. म्हणून आमचे पैसे वर्षातून एकदाच, मार्चमध्ये, धावत येतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे कंपनीनं बिल मान्य केलं की बँका बोली लावून आम्हाला आधी पैसे देतात. आमची कंपनी तिथे नोंदलेली आहे. बिल मान्य करत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मोजायला लागणारं सगळं आधीच मशीनमध्ये आहे. ई-वे बिलात माल कधी निघाला ते आहे, जीएसटी पोर्टलवर कंपनीनं क्रेडिट कधी घेतलं ते आहे, माझा उद्यम नंबर सरकारकडे आहे. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर क्रेडिट व्याजासह परत करायचं, असा नियम जीएसटीतच आहे. म्हणजे सरकारच्या वाट्याचे दिवस मोजता येतात. त्याच पडद्यावर ४६ व्या दिवशी, मी तक्रार न करता, कंपनीच्या नावापुढे थकबाकी दिसू दे. क्रेडिट अडवू दे. मग सेमिनारला मी स्वतः येईन, बिस्किटं नसली तरी.

सासरे उद्यमनगरात लेथ चालवायचे तेव्हाची खतावणी अजून कपाटात आहे. उधारी किती दिवसांची झाली ते ते पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहीत. आणि खरं सांगायचं तर आमच्या फौंड्रीवाल्याचे पैसेही मी वेळेत देत नाही. माझे २० ऑगस्टला आले, त्याचे २३ ला गेले. त्याच्याही वहीत माझं नाव असणारच.

माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो छापू नये ही विनंती. पुढच्या लॉटचं कास्टिंग कालच उतरलंय.

आपली,
एक लघुउद्योजिका, शिरोली, जि. कोल्हापूर