बाबांचा दोर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. झाडावर चढायला तुम्ही दिलेला दोर मी कापला. वीस-बावीस तुकडे केले त्याचे. पंधरा दिवस झाले. दर फोनला सांगायचं ठरवते आणि "सगळं ठीक" म्हणून ठेवून देते. आई, तुला काहीतरी कळलं होतं. "घसा बसलाय का गं?" असं दोनदा विचारलंस. घसा बरा होता.

रागावायचं असेल तर सगळं वाचून मग रागवा.

त्या दिवशी एक वाळलेली जाड फांदी उतरवायची होती. साखळीच्या करवतीचं मशीन सकाळपासून छळत होतं. खाली सुरू व्हायचं, वर नेलं की बंद. चूक माझीच, महिनाभर डब्यात पडलेलं पेट्रोल वापरलं. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होत जातो. लिटरला 20 मिली तेल घालून केलेलं मिश्रणही ताजंच हवं, हे मी स्वतः दुसऱ्यांना बजावते. प्लग पुसला, एअर फिल्टर झटकला, पुन्हा वर गेले. बारा मीटरवर पुन्हा बंद. मशीन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. अशा वेळी चिडून मशीन एका हातात झुलवत सुरू करावंसं वाटतं, आणि अपघात होतात ते तेव्हाच. मी तसं केलं नाही. मशीन पट्ट्याला अडकवलं आणि खाली आले.

उतरताना दोर एका जागी हाताला वेगळा लागला. खाली आल्यावर तो गवतावर पसरला आणि वीत-वीत करून तपासला. तुम्ही सुरीची धार अंगठ्याने बघता ना बाबा, तसा. चांगला दोर वाकवला की त्याची गोल कमान होते. सगळीकडे होत होती. टोकापासून पाच-सहा मीटरवर मात्र कमान होईना, तो तिथे एकदम मोडल्यासारखा दुमडला. वरची वीण शाबूत होती. थोडे केस निघालेले, आणि गाठ घासून घासून एका बाजूला काचेसारखी चकाकी आलेली. पण आतला गाभा पिचला होता. त्याच जागेवर मी थोड्या वेळापूर्वी लटकले होते.

तेवढाच तुकडा काढून बाकीचा वापरता आला असता. तसं करतातही. मी रात्रभर तोच विचार केला, कारण हा तुमचा दोर होता. ते तीन महिने आपण नीट बोललोही नव्हतो, आणि मग तुम्ही एक दिवस 45 मीटरचं वेटोळं माझ्या खाटेवर ठेवून काही न बोलता बाहेर निघून गेलात. टोकाला स्वतः गुंडाळलेला लाल दोरा. ते विसरले नाही बाबा. पण चार वर्षं उन्हात, चिकात, भुश्यात रोज घासलेल्या दोराच्या एका जागेवरचा विश्वास उडाला की बाकीच्यावर तरी कसा ठेवायचा? आणि नुसता बाजूला टाकला असता, तर आमच्याकडे शिकायला आलेला मुलगा ढिगातून उचलून हार्नेसला लावायचा. म्हणून बाद केलेला दोर कापून टाकायचा असतो. कापताना हात थरथरत होता, खरं सांगते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती ठरलेली आहे. मागच्या वेळी तुम्ही दोघं म्हणालात की आता वर चढू नकोस, खालचं काम घे. मी वरचंच काम करणार आहे. निदान अजून काही वर्षं. तुमचं म्हणणं टाळायचं म्हणून नाही. खाली उभं राहून फांद्या ओढणारालाही धोका असतोच, उलट वरून पडणारं सगळं त्याच्याच डोक्यावर येतं. आणि मला वरचं काम येतं, चांगलं येतं. अंगणातल्या झाडावर मी अडकले होते तेव्हा तुम्ही खालून ओरडला नाहीत. "तीन ठिकाणी धर, मग चौथं सोड," एवढंच म्हणत राहिलात, मी उतरेपर्यंत. मी सहा वर्षांची होते. अजूनही दोर बांधायच्या आधी मनात तेच येतं. मशीन चालवताना तर मी दोन ठिकाणी बांधलेली असते, मुख्य दोर आणि कमरेचा वेगळा. पात्याने चुकून एक कापला तरी दुसरा असतो.

आई, तुला माझ्या बोटांची काळजी वाटते, त्याचं उत्तर. पेट्रोलच्या मशीनने दिवसभर हादरे बसतात, जुन्या माणसांची बोटं थंडीत पांढरी पडतात, हे खरंय. म्हणून वर न्यायला आता बॅटरीचं मशीन घेतलंय. हादरे कमी, आणि फांदीवर बसून दोरी ओढणं नाही. मध्ये मध्ये हाताला विश्रांती देते, हातमोजे कोरडे ठेवते. कानावरचं कवच असतं, तोंडावर जाळी असते. पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली तर ते धागे ओढले जाऊन तिच्यात गुंततात आणि मशीन थांबतं. जेवते वेळेवर. झोपही होते. परवा तर दिवे न मालवताच झोपले, तू असतीस तर पांघरूण घातलं असतंस.

धारही रोज लावते बाबा, टाकी भरताना गोल कानस फिरवते. ढलप्या पडायच्या थांबून पिठासारखा भुसा पडायला लागला की हात थांबतो माझा. ते तुमच्याकडूनच आलंय.

आता ऐका. अंगणातल्या झाडाचा फोटो बघितला. बुंध्याशी आलेली ती तपकिरी कडक बुरशी खरवडून काढू नका. ती काढल्याने आतली कूज थांबत नाही. मी येऊन लाकडी हातोड्याने ठोकून बघते, पोकळ वाजतं का ते. तोवर खुर्च्या त्याच्या खाली नकोत. वारा सुटला की अजिबात नाही. ते वाचेल की उतरवावं लागेल, हे आत्ता ठरवू नका, मीही ठरवत नाहीये. आणि बाबा, छाटलेल्या जागी डांबर लावू नका. मायेने लावता, कळतं मला. पण झाड जखम भरत नाही, ती आत कोंडून टाकतं. अलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवलं. डांबराने आत ओल राहते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथली फुगीर कड राखून कापलंत ना, मग झाड बघून घेईल. खरं तर कापूच नका. शिडीवर चढायचं नाही. चक्कर येते हे आईने सांगितलंय, ती बोलली नसती तरी मला कळलं असतं. गोळ्या संपायच्या आत आणा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी नाही.

महिनाअखेरीस येते. चार दिवस राहीन.

पाकिटात दोराचा तुकडा ठेवलाय, लाल दोऱ्याचं टोक आहे तो. तेवढाच जपला. कपडे वाळत घालायलाही पुरणार नाही, तरी सांगते, त्याला वजन बांधू नका.

तुमची,
धाकटी