साथीला कोण?

बाळ्या,

लई दिवसांनी लिहितोय, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे. फोन केला असता, पण तू मध्येमध्ये बोलतोस.

अण्णांनी गुरुवारच्या भजनाला "नुसता बसायला ये" म्हणून निरोप धाडला. नुसता! गेलो तर तबल्याच्या जागी मोबाईल, ॲपवर भजनी ठेका चालू. म्हणाले, "हे बरं, पुढं पळत नाही." हे तू मला कॉलेजपासून ऐकवतोयस, तेव्हा आधी हसून घे. (तू पेटीत सूर शोधत बसायचास, मग लय पळाल्यासारखी वाटणारच.)

पण दुसऱ्या अभंगात त्यांना ठसका लागला, ओळ अर्ध्यात तुटली, आणि ॲप आपलं त्याच आवाजात चाललंय. मी असतो तर ठेका दाबून धरला असता, त्यांनी मान वर केली की मग उचलला असता. अरे पोवाड्यात मागं साथ धरणारे झीलकरी "जी जी जी" ओढतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, साधी गोष्ट आहे.

तू म्हणशील, आकाशवाणीनं 1940 ला पेटी बंद केली ती 1971 पर्यंत, तेव्हा तबलजी कुठं रडले? बरोबर. आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हा आपण दोघं गप्पच बसलो की, मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 ला जीआय मानांकन मिळालं म्हणून पेढे वाटणारे आपणच आणि गाण्याला डबा लावणारेही आपणच. पण तंबोऱ्याला गवयाकडं बघावं लागत नाही रे, त्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, नीट लागली की झालं. तबल्याचं तसं नाही.

पुढची गंमत ऐक. तो ठसका वाढला, अण्णांना मिरजेला ॲडमिट केलं. फॉर्मवर "पेशंटसोबत कोण" तिथं माझं नाव, कारण पोरगा पुण्यात. म्हणजे भजनाला ॲप आणि रात्री सलाईन बघायला मी! ते झोपेत मांडीवर ताल धरतात, तोही विलंबित, आणि मला लेका झोप लागत नाही. आता बरे आहेत, सोमवारी सोडतील. पण पुढच्या गुरुवारी बोलावलं तर तबला नेऊ का तसाच जाऊ, हे सांग. बायकोला विचारलं तर म्हणते, घरी बसा.

वहिनींचा गुडघा कसाय? पोरीला ॲडमिशन मिळाली का? साताऱ्याचा प्लॉट विकू नकोस एवढ्यात.

आषाढीला येताना पेटी आण, पण भाता दुरुस्त करून. मागच्या खेपेला निम्मा अभंग नुसता फुसफुसत होता.

तुझा,
पळपुटा तबलजी