हेडसेटचं चित्र जागेवर आणणाऱ्या सर्वांचे आभार

लिनक्सवर दोन ग्राफिक्स कार्डं असली आणि व्हीआर हेडसेटमध्ये चित्र फाटायला लागलं किंवा नुसता राखाडी पडदा दिसला, तर ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी केबल कुठल्या कार्डात आहे ते बघा. हे सांगणाऱ्या, नावही न लावणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार.

कारण नीट उलगडून सांगितलंत: गेम एका कार्डावर आणि स्टीमव्हीआरचा कंपोझिटर (हेडसेटमध्ये दिसणारं अंतिम चित्र जुळवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्यावर चालला, की दोघांतली फ्रेमची देवाणघेवाण बिघडते. म्हणून हेडसेटची डिस्प्लेपोर्ट केबल जास्त ताकदीच्या कार्डातच लावायची. मग ‘व्हल्कनइन्फो’ (कार्डांची माहिती दाखवणारी कमांड) मधून त्या कार्डाचा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी, म्हणजे कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक, घ्यायचा आणि मेसा (लिनक्सवरचा खुला ग्राफिक्स ड्रायव्हर) असेल तर ‘मेसा_व्हीके_डिव्हाइस_सिलेक्ट’ या कार्ड निवडणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला तो स्टीम सुरू करतानाच द्यायचा. नुसता गेमला दिला, तर कंपोझिटर जुन्याच कार्डावर राहतो. कार्ड 0, कार्ड 1 हे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका, हा इशारा तर लाखमोलाचा!

लॅपटॉपवाल्यांनाही तुम्ही वेळीच सावध केलंत, तिथे एचडीएमआय पोर्ट अनेकदा इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधल्याच) कार्डालाच जोडलेलं असतं. एएमडी कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) उतरून चित्र अडखळत असेल, तर पॉवर लेव्हल ‘मॅन्युअल’ करून व्हीआर प्रोफाइल निवडायचं. रीबूटनंतर ते पुन्हा लावावं लागतं, हेही आवर्जून सांगितलंत. लांबलचक लॉग ओळ न् ओळ वाचून दिलेत, त्याबद्दल आम्ही सारे तुमचे ऋणी आहोत.