सोलापूरलाही हवी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी गाडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत पुतण्याकडे परळला आठवडाभर मुक्काम होता. त्यातला एक दिवस मी, सौ. आणि मेहुणी अशा तिघांनी माथेरानसाठी काढला. मुंबईच्या लोकलने एका दिवसात डोंगर पाहून परत येता येते हे ऐकून ठाऊक होते, पण ते इतके सहज जमते हे स्वतः गेल्यावरच पटले. त्या दिवशी लक्षात आलेली एक गोष्ट आपल्या सोलापूरला लागू पडते असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमचा मूळ बेत रविवारचा होता. पुतण्याने तो तिथल्या तिथे मोडीत काढला. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास वाहतूक बंद, असतो, गाड्या उशिराने धावतात आणि माथेरानच्या पायथ्याच्या नेरळ स्थानकात गर्दीही उसळते, त्यामुळे जायचे तर आडवारी जा, असे त्याने बजावले. म्हणून बुधवारी सकाळी परळहून टॅक्सी करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो आणि खिडकीवर नेरळची रिटर्न तिकिटे काढली. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडीपुढे ‘एस’ हे अक्षर दिसले की ती कर्जतची आणि ‘एन’ दिसले की कसाऱ्याची, एवढे पाठ करून आम्ही गाडीत बसलो. कल्याणला या दोन वाटा फुटतात, म्हणून हे अक्षर चुकले की माथेरानऐवजी थळ घाटाच्या पायथ्याशी उतरायची वेळ येते.

मुंबईच्या लोकलची जी धास्ती आपण सोलापूरकर बाळगून असतो, ती त्या सकाळी अनाठायी ठरली. आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली आणि ती नेरळपर्यंत टिकली. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने कसेबसे टेकायचे, या मुंबईच्या सुप्रसिद्ध ‘चौथ्या सीट’चा प्रसंग आला नाही. समोरून मुंबईकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात मात्र माणसे लोंबकळत होती. याचे कारण उघड आहे. बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीची नोकरदार मंडळी सकाळी मुंबईत उतरवून तीच गाडी पुन्हा कर्जतकडे निघते आणि त्या वेळी त्या दिशेला जाणारे कमी असतात. संध्याकाळी हेच उलट होते. मुंबईहून खचाखच भरून आलेली गाडी परतताना मोकळी असते आणि दमलेले सहलकरी तीत पाय पसरून बसतात. मुंबईकराची एक दिवसाची सहल या उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीवर उभी आहे. रेल्वेने त्यासाठी वेगळी गाडी सोडलेली नाही. जी एरवीही परत न्यावीच लागली असती, तिच्यातच सहल होते.

प्रवासाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. कल्याण सोडल्यावर पहिलेच स्थानक विठ्ठलवाडी. पंढरपूरच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे नाव पाटीवर वाचून बरे वाटते. सौ.ने तर बसल्या जागेवरूनच हात जोडले. बदलापूरपर्यंत इमारतींची रांग तुटत नाही. वांगणीच्या पुढे मात्र शेते दिसू लागतात, डावीकडे-उजवीकडे डोंगर सरकत जवळ येतात आणि शेलूनंतर नेरळ येते. आम्ही डब्यातच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. समोर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीने ती चटणी चाखून पाहिली आणि तिखटाने नाक पुसत पुन्हा मागून घेतली.

नेरळला पुढची गाडी समोरच उभी असते. दोन फुटी रुळांवरून जाणारी ही छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली आणि ती पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने व पैशाने उभी राहिली. जेमतेम २० किलोमीटरच्या चढणीला ती दोन तासांहून अधिक वेळ घेते. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर नेरळपासूनची सेवा बंद पडली होती, ती २०२२ मध्ये पूर्ववत झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात आणि फक्त वरच्या वर अमन लॉज ते माथेरान शटल धावते, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. डबे मोजकेच असल्याने तिकिटाची खात्री नसते. आम्हाला जाताना मिळाले, येताना मिळाले नाही. मग मोटारींना जिथे थांबावेच लागते त्या दस्तुरी नाक्यापर्यंत लाल मातीतून चालत आलो आणि तिथून टॅक्सीने नेरळ गाठले. ती गाडी वळणे घेत असताना मला सारखी आपली बार्शी लाइट आठवत होती. १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आता तो सारा मार्ग रुंद झाला आहे आणि ते योग्यच झाले, पण एखादा छोटा तुकडा तरी जपायला हवा होता असे मला अजून वाटते.

नेरळहून संध्याकाळची गाडी पकडून रात्री जेवायला आम्ही परळला होतो. परतीची गाडी चुकली असती तरी मागून दुसरी होतीच, त्यामुळे दिवसभर कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. एक दिवसाच्या सहलीत जाण्यापेक्षा परत येण्याची खात्री महत्त्वाची असते.

आता सोलापूरकडे वळतो. आपल्याभोवती एका दिवसात पाहून यावीत अशी ठिकाणे मुंबईपेक्षा कमी नाहीत. अक्कलकोट रोड स्थानक येथून ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. विजयपूर होटगीमार्गे सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते कर्जत या १०० किलोमीटरपेक्षा किंचितच जास्त, आणि १६५६ साली पूर्ण झालेला गोल घुमट तेथील स्थानकापासून पायी जाण्याजोगा आहे. या मार्गांवर गाड्या नाहीत असे नाही. परंतु त्यांतील बहुतेक लांब पल्ल्याच्या आहेत. त्यांच्या वेळा दूरच्या शहरांत केव्हा पोहोचायचे यावरून ठरतात आणि आपल्या वाट्याला त्या रात्री-अपरात्री किंवा भर दुपारी येतात. सकाळी नऊ-दहाला निघून संध्याकाळी सातच्या आत घरी यायचे असणाऱ्याचा विचार त्या वेळापत्रकात दिसत नाही. पंढरपूरचे मी मुद्दाम नाव घेत नाही. रेल्वेने आधी कुर्डुवाडी गाठून मग वळून यावे लागते, रस्त्याने ७० किलोमीटरच्या घरात असलेले अंतर रुळावर १३० च्या आसपास जाते, तेव्हा तिथे एसटीच बरी.

मुंबईतली उलट्या दिशेची युक्ती इथेही चालेल. कुर्डुवाडी, माढा, मोहोळकडून आणि पूर्वेला दुधनी, अक्कलकोट रोड, होटगीकडून रोज सकाळी विद्यार्थी, दुकानांतील कामगार आणि दवाखान्यात येणारे रुग्ण सोलापुरात येतात. त्यांच्यासाठी दुधनीहून सकाळी एक मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवर चालणारी कमी पल्ल्याची गाडी, सोडावी. ती साडेनऊच्या सुमारास सोलापुरात रिकामी झाली की भाविकांना घेऊन अक्कलकोट रोडकडे परत जाईल आणि संध्याकाळी याच कामगारांना नेण्यासाठी सोलापूरकडे येताना भाविकांना घरी आणील. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडण्याचा खटाटोप नसतो. पूर्वी एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी ताटकळावे लागे हे कारण सांगितले जात असे. आता दौंडपासून सोलापूरमार्गे वाडीपर्यंत दुहेरीकरण आणि विद्युतीकरण दोन्ही झालेले आहे.

दुसरी अडचण स्थानकापलीकडची आहे. अक्कलकोट रोडवर उतरणाऱ्याला गावात जायला अजून सुमारे ११ किलोमीटर राहतात. नेरळला रेल्वेची गाडी रेल्वेच्या गाडीसमोर उभी असते, इथे निदान एसटीची बस मेमूच्या वेळेला फलाटाबाहेर उभी असावी. ती संध्याकाळी गाडीआधी अर्धा तास परत पोहोचली नाही, तर सकाळची सारी सोय व्यर्थ आहे, कारण भाविक एकदा अडकला की दुसऱ्या खेपेला जीपच करतो.

भाड्याबाबत तक्रार नाही. करोनाकाळात पॅसेंजरचे किमान भाडे ३० रुपये केले होते, ते २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आले, आणि चार जणांच्या कुटुंबाला याचा अर्थ फार मोठा असतो. वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर धावू लागली, तिचाही आनंदच आहे. पण ती मोहोळला थांबत नाही आणि थांबावी अशी अपेक्षाही नाही. तिचे काम वेगळे आहे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि त्याचे काम चालू आहे. तुळजापूरला जाणारा बहुतेक सोलापूरकर त्याच दिवशी परततो. तेव्हा त्या मार्गाचे पहिले वेळापत्रक ठरवताना सकाळची जाणारी आणि संध्याकाळची येणारी गाडी आधी मांडावी आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिच्याभोवती बसवाव्यात, अशी माझी विभागीय रेल्वे अधिकाऱ्यांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे. तोपर्यंत दुधनीची मेमू आणि स्थानकाबाहेरची बस एवढे तरी सहा महिने चालवून पाहावे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर