पायांना विचारून बांध

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि. वगैरे सगळं झालं असं समज. विणायचा माग जोडून झाला आणि आता तू मूठभर दोऱ्या घेऊन ४ शाफ्ट (उभे धागे उचलणाऱ्या चौकटी) आणि ६ पेडलांपुढे फतकल मारून बसला आहेस, हे वाचून हसू आलं. "कुठलं पेडल कुठल्या शाफ्टला बांधू ते एका ओळीत कळव" म्हणतोस. लेका, एका ओळीत नाही जमायचं.

आधी हिशेब बघ. ४ शाफ्टांपैकी काही वर, काही खाली अशा कामाच्या जुळण्या १४ होतात: एकेकटे ४, जोड्या ६, तिघांचे गट ४. पेडलं सहाच, म्हणजे कुणाला तरी बाहेर ठेवणं आलंच. बांधणीच्या छापील तक्त्यात बहुधा सहाही जोड्या दिलेल्या असतात. ट्विलसाठी, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीसाठी, १-२, २-३, ३-४, ४-१ आणि एक धागा वर, एक खाली अशा साध्या विणीसाठी १-३, २-४. कागदावर हे इतकं नेटकं दिसतं की मीही पहिल्यांदा डोळे झाकून तसंच ओळीनं बांधलं होतं. दिवसभर उजवा पाय चार पेडलांवर राबत होता आणि डावा पाहुण्यासारखा बसून. संध्याकाळी कंबर धरली, तीही एकाच बाजूनं.

तेव्हा कळलं की तक्ता फक्त काय उचलायचं ते सांगतो. कुठलं पेडल कुठे असावं हे पाय सांगतात. ट्विल विणताना पाय चालल्यासारखे पडले पाहिजेत, एकदा डावा, एकदा उजवा. म्हणून हल्ली मी डावीकडून असं बांधतो: १-२, ३-४, मग मधोमध १-३ आणि २-४, मग ४-१ आणि अगदी उजव्या टोकाला २-३. दिसायला विस्कटलेलं आहे, पण बैस आणि पाय टाकून बघ. डावं टोक, उजवं टोक, डावीकडचं आतलं, उजवीकडचं आतलं, की ट्विलच्या चार ओळी झाल्या. एक पाय दाबत असतो तेव्हा दुसरा त्याच्या पुढच्या पेडलावर जाऊन वाट बघत असतो. साधी वीण मधल्या दोहोंवर, प्रत्येक पायाला एक.

ओव्हरशॉट, म्हणजे साध्या विणीवर सुताची नक्षी, करशील तेव्हा मात्र हे मोडावं लागेल. तिथे नक्षीची एक ओळ, साध्या विणीची एक ओळ असं आळीपाळीनं चालतं आणि आडवं सूत नेणारे धोटे दोन. साध्या विणीची दोन्ही पेडलं डाव्या पायाखाली घे, नक्षीची चारही उजव्या. साध्या विणीचा धोटा डाव्या हाताशी असेल तर डावं पेडल, उजव्या हाताशी असेल तर उजवं. मधेच उठून आलास तरी कुठवर आलो होतो ते धोटाच सांगतो.

पण खरं सांगू? पहिला महिना यातलं काहीच बांधू नकोस. मधल्या दोन पेडलांना १-३ आणि २-४ बांध, आणि डावीकडे १, २, उजवीकडे ३, ४ एकेकटे ठेव. दोन पाय मिळून चौदाच्या चौदा जुळण्या निघतात. तीन शाफ्ट उचलायचे असतील तर शेजारची दोन पेडलं एका तळव्याखाली घ्यायची. नमुने करायला याच्यासारखं सुख नाही. पाच मीटर सलग कापड काढायला मात्र ही शिक्षा आहे. वीण ठरली की मुकाट्यानं खाली झोपून पुन्हा बांध.

तुझा माग पेडल दाबलं की शाफ्ट वर उचलणारा आहे, हे तक्ता वाचताना विसरू नकोस. चौकोनात गोल असेल तर तो शाफ्ट वर जातो, फुली असेल तर खाली. दोनास दोन ट्विलमध्ये (दोन शाफ्ट वर, दोन खाली) उलटं वाचलंस तरी कापड तेच निघतं, त्यामुळे चूक लपून राहते. तीनास एकवर (तीन वर, एक खाली) आलास की कापड पालथं निघून ती उघडी पडते. मी तर मुद्दाम पालथंच विणतो. दर ओळीला तीन शाफ्ट उचलण्यापेक्षा एक उचललेला गुडघ्यांना परवडतो. चांगली बाजू खाली असते, म्हणून हातआरसा कापडाखाली धरून मधूनमधून बघायचं.

दोरी फार ताणून बांधू नकोस. पेडल मोकळं असताना शाफ्ट पुरता खाली बसलेला हवा, नाहीतर त्याचे धागे बाकीच्यांपेक्षा उंच राहतात आणि धोटा त्यांना अडकतो. पण सैल गाठही नको. माझ्या २-३ च्या पेडलाची तिसऱ्या शाफ्टची गाठ एकदा सुटली. दर चौथ्या ओळीत आडवं सूत दोनाऐवजी तीन धाग्यांवरून जात होतं. तिरप्या रेघेत बारीक पायरी दिसायची आणि मी मात्र फणीला शिव्या देत होतो. वीतभर कापड विणल्यावर खाली वाकलो, तर दोरी जमिनीवर लोळत होती. सगळं उसवलं.

आणि हो, अनवाणी बसतोस की मोजे घालून ते कळव. मोज्यांतून मला पेडलाची कड कळत नाही, थंडीतही नाही.

तुझाच