टेट्रिसला रमीच्या यादीत बसवू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या गेमवेडाविषयी आलेला लेख वाचला. त्यातली काळजी खरी आहे. आईच्या फोनवरून पोरांनी परस्पर पैसे उडवल्याचे प्रकार मी ओळखीच्या घरांत पाहिले आहेत. पण लेखाशेजारच्या चौकटीतल्या व्यसन लावणाऱ्या खेळांच्या यादीत, पैसे लावून खेळायच्या रमीच्या खालोखाल 'टेट्रिस' हे नाव दिले आहे. टेट्रिस म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली रचायचे; आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, आणि ढीग वरपर्यंत पोचला की खेळ संपतो. ते तिथे यायला नको होते.

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. नव्वदच्या दशकात टीव्हीच्या जोडीने व्हिडिओ गेमही दुरुस्तीला येऊ लागले. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या, टीव्हीला जोडायच्या यंत्राची नक्कल केलेली ती यंत्रे. मे महिन्याची सुट्टी लागली की काउंटरवर ढीग पडायचा. कुणाचा अडॅप्टर जळालेला, कुणाची रिमोटची (हातात धरून खेळायच्या बटणांच्या डबीची) वायर आतून तुटलेली, बऱ्याच जणांच्या बटणाखालच्या रबराचा कार्बन झिजलेला. गेमची कॅसेट लागत नसेल तर तिच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या की बहुधा काम व्हायचे. यंत्र दुरुस्त झाले की तपासायला मी टेट्रिसच लावायचो. डावे, उजवे, खाली आणि ठोकळा फिरवायचे, ही सगळी बटणे पहिल्या मिनिटात कामाला लागतात. एखादे अडकत असेल तर ठोकळा भलत्या ठिकाणी बसतो आणि दोष लगेच कळतो. मारामारीच्या गेममध्ये असे होत नाही, तिथे बटण जोरात दाबून पोरे वेळ भागवतात.

यंत्र न्यायला आलेले गिऱ्हाईक ही तपासणी बघत उभे राहायचे आणि थोड्या वेळाने रिमोट मागायचे. लक्ष्मी रोडच्या दुकानांतले सेल्समन, अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तके घेऊन आलेल्या आया, क्लास सुटलेली मुले. नियम कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. एक आजी नातवाचे यंत्र न्यायला आल्या होत्या. पैसे देऊन झाले, पिशवी भरून झाली, तरी रिमोट सोडेनात. "थांबा हो, आता लांबडा येईल," म्हणाल्या.

त्या आजींच्या वाक्यात या खेळाची सगळी ओढ आहे. निन्टेंडोने १९८९ मध्ये घरगुती यंत्रासाठी काढलेल्या टेट्रिसमध्ये, पहिल्या पातळीवर एक ओळ भरली तर ४० गुण मिळतात, दोन एकदम भरल्या तर १००, तीन भरल्या तर ३०० आणि चार भरल्या तर १२००. एकेक करून चार ओळी भरणाऱ्याच्या पदरात १६० पडतात. आणि चार ओळी एकदम फक्त त्या लांबड्याने, म्हणजे चार चौकोन सरळ रेषेत असलेल्या ठोकळ्यानेच जातात. म्हणून माणूस कडेला एक उभी फट मोकळी ठेवतो आणि बाकीचे रचत वर वर जातो. लांबडा आला नाही तर स्वतः रचलेलीच भिंत डोक्यावर येते. थांबायचे की आहे त्यात भागवायचे, हा निर्णय प्रत्येक ठोकळ्याला नव्याने घ्यावा लागतो, आणि तो घेताना पुढचा ठोकळा कोणता हे बाजूच्या चौकटीत दिसत असते.

शिवाय हिशेब अगदी सरळ आहे. ठोकळे पडायची जागा, म्हणजे विहीर, दहा चौकोन रुंद, वीस उंच. प्रत्येक ठोकळ्यात चार चौकोन. म्हणजे पाच ठोकळे नीट बसले तर बरोबर दोन ओळी जातात आणि काही शिल्लक राहत नाही. सात आकारांतले पाच मनासारखे बसतात, पण दोन नागमोडी ठोकळे घोळ घालतात. ते सपाट जागी आडवे टाका की उभे, खाली पोकळी राहतेच. हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दाखवून दिले की नुसते हे दोन ठोकळे आलटून पालटून येत राहिले, तर कितीही कुशल माणूस शेवटी हरतो. जिंकायची सोयच नसलेला खेळ लोक इतक्या आनंदाने खेळतात, याचे मला अजून कौतुक वाटते.

दुकानात आणखी एक गोष्ट मी नेहमी बघायचो. लोक ठोकळा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात. सुरुवातीला मला तो रिमोटचा दोष वाटून मी बटणे उघडून बघायचो. पुढे डेव्हिड किर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांच्या १९९४ च्या अभ्यासाबद्दल वाचले, तेव्हा उलगडा झाला. ठोकळा मनातल्या मनात फिरवून बघण्यापेक्षा पडद्यावर फिरवून बघणे लवकर होते, म्हणून खेळणारा विचाराचे थोडे काम बोटांवर सोपवतो. हात आणि डोके असे एकत्र चालले की माणूस रमतो. सोल्डरिंग करताना मला हेच सुख मिळत आले आहे.

आता लेखातला मुद्दा. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरी करताना लिहिला. त्यांच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकाला चित्र काढता येत नव्हते, म्हणून ठोकळे कंसाच्या खुणांनी दाखवले होते. त्यांना स्वतःला रॉयल्टी मिळू लागली ती थेट १९९६ पासून. टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या खेळात विकत घ्यायची नाणी नाहीत, 'उद्या परत या' म्हणणारे बक्षीस नाही, हरल्यावर पैसे भरून जीव वाढवायची सोय नाही. आजच्या फोनवर याच नावाने मिळणाऱ्या खेळात जाहिराती येतात, त्याची तरफदारी मी करत नाही. पण खेळातली ओढ आणि खिशात हात घालणारी ओढ यांतला फरक वाचकांना सांगणे हे वर्तमानपत्राचे काम आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वाहन अपघातातल्या ७१ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना अपघातानंतर सहा तासांच्या आत, आधी तो प्रसंग थोडक्यात आठवायला लावून मग टेट्रिस खेळायला दिले, त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्या आठवड्यात तो प्रसंग कितीतरी कमी वेळा येत राहिला. आकारांची जुळवाजुळव मनाच्या डोळ्यांची जागा व्यापते. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांना याविषयी लिहायला सांगा, ही विनंती.

आणि दुसरी विनंती. तुमच्या अंकात रोज सुडोकू येते, शब्दकोडे येते. एखाद्या रविवारी टेट्रिसचे सात ठोकळे छापा आणि मुलांना म्हणा, पुठ्ठ्यातून कापा आणि सात बाय चारच्या आयतात बसवून दाखवा. चौकोन दोन्हीकडे अठ्ठावीसच आहेत, तरी ते बसत नाहीत. उत्तर पुढच्या रविवारी द्यावे: आयत बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंगवला की काळी आणि पांढरी घरे चौदा-चौदा होतात. सहा ठोकळे दोन काळी, दोन पांढरी घरे झाकतात. टी आकाराचा मात्र एका रंगाची तीन झाकतो, दुसऱ्याचे एक. म्हणजे एकूण पंधरा आणि तेरा होतात, चौदा-चौदा कधीच नाही. पण हे उत्तर आठवडाभर छापू नका, मुलांना झगडू द्या.

आपला,
एक जुना टीव्ही कारागीर, पुणे