सल्ला कुणासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'दारू पिऊन गाडी चालवताना पकडलात तर...' हा कालच्या पुरवणीतला वकीलसाहेबांचा सल्ला वाचला. इतका सोपा, की आमच्या पुतण्याने कात्रण काढून गाडीच्या कप्प्यात ठेवलं. अभिनंदन.

'१० हजार दंड' ठळक आणि सहा महिन्यांपर्यंतची कैद कंसात, हे कसं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत, न्यायाधीश दोन्ही एकदम देऊ शकतात. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद. वाचणाऱ्याला वाटावं, सिग्नल तोडल्यासारखी पावती फाडायची नि घरी जायचं.

अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हेही चौकटीत टाकलंय. मी सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला ३१ वर्षं परिचारिका होते. ते दोन तास मी पलीकडून पाहिलेत. डॉक्टर एकच, तेही टाके घालण्यात गुंतलेले.

एका रात्री पावणेदोनला असाच एक मुलगा आणला. त्याने उडवलेला सायकलवाला शेजारच्याच खाटेवर. सायकलवाल्याच्या घरचे पोचायच्या आधी मुलाचे वकील हजर. अत्यंत सभ्य गृहस्थ. "सिस्टर, आमची घाई नाही, आधी त्या पेशंटचं बघा," म्हणाले. किती कनवाळू! नजर मात्र सारखी घड्याळावर. रक्त मीच काढलं. स्पिरिटमध्येही अल्कोहोलच, म्हणून अशा वेळी त्याचा बोळा लावत नाहीत; सलाईनने पुसलं, फ्लोराइडच्या बाटलीत भरलं, लाखेचं सील, रजिस्टरला नोंद, सही.

चार वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. दोन तारखांना नुसतं बसवून परत पाठवलं, रजा माझी गेली. तिसऱ्या तारखेला तेच वकील. "बोळ्याला स्पिरिट नव्हतं कशावरून? वासावरून? तेव्हा सर्दी होती का तुम्हाला? चष्मा कधी लागला?" सायकलवाल्याचं नाव दिवसभरात एकदाच निघालं, तेही चुकीचं. निकाल काय लागला, मला कुणी कळवलं नाही. तेव्हा या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याचा दंड फार तर २ हजार होता. वकिलांची एका तारखेची फी त्याहून जास्त असणार.

वकील करू नये असं म्हणत नाही, तो ज्याचा त्याचा हक्क आहे. पण त्या रात्री सायकलवाल्याची बायको मला विचारत होती, "भरपाईचा अर्ज कुठे करायचा हो, सिस्टर?" मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे नाव तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तुमच्या अख्ख्या पानभर सल्ल्यात ते कालही नव्हतं.

२०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमधल्या पोर्शे कार अपघात प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा सोसायटीतल्या एका काकांनी हसत हसत विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्या वेळी काय रेट होता?" त्यावर मी पाठवलेलं पत्र तुम्ही छापलं नाहीत. असो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका

ता. क. : त्याच अंकात पान तीनवर 'भरधाव कारने दोघांना उडवले' अशी बातमी आहे. कार कुणी चालवत होतं, की ती एकटीच निघाली होती?